आजीची माळ आणि रूममेटचं बायबल

मनामा, बहरीन
शुक्रवार, रात्री

प्रिय आई,

जय ख्रिस्त. परवा फोनवर तू एवढंच म्हणालीस की धाकट्याने आल्तारावरची मरियामातेची मूर्ती उचलून कपाटात ठेवली आणि आजी तीन दिवस त्याच्याशी बोलत नाही. मग नेट गेलं. नंतर लावला तर तू मासळीला गेलेली. म्हणून म्हटलं लिहूनच काढू. हे पत्र त्याला वाचायला दे, पण आधी तू वाच. तुझ्यावरही थोडं आहे यात.

तो नव्या प्रार्थनागटात जायला लागलाय आणि घरात प्रत्येक गोष्टीला 'बायबलात कुठे लिहिलंय?' विचारतो, हे ऐकून मला हसूच आलं. दोन वर्षं मी याच प्रश्नाबरोबर एका खोलीत राहतोय. माझा रूममेट केरळचा, कुंबनाडकडचा, पक्का पेंटेकोस्टल, म्हणजे बायबलात असेल तेवढंच मानणारा प्रोटेस्टंट. माणूस सोन्यासारखा आहे. मला ताप आला तेव्हा कांजी करून भरवली त्याने. पण रात्री एसीची कामं संपवून आलो, मी उशाखालून जपमाळ काढली की याचं सुरू: "हे कुठे लिहिलंय, दाखव." सुरुवातीला माझ्याकडे उत्तर नसायचं. चिडायचो नुसता. आई, आपण बावीस-पंचवीस वर्षं चर्चमध्ये मिस्सा ऐकतो, धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ म्हणतो, आणि कुणी विचारलं तर 'आमच्यात असंच असतं' यापुढे आपली गाडी जात नाही. मग मी वाचायला लागलो.

धाकट्याला आधी हे सांग की प्रश्न वाईट नाही.

आजीच्या माळेपासूनच धरतो, कारण रुसवा तिथला आहे. माळेवर म्हणतो त्या 'नमो मरिया' प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणजे सरळ लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय. अठ्ठाविसाव्या ओवीत देवदूत येऊन तिला कृपापूर्ण म्हणतो, प्रभू तुझ्याबरोबर आहे म्हणतो. बेचाळिसाव्या ओवीत एलिशाबेथ ओरडून म्हणते, स्त्रियांमध्ये तू धन्य आणि तुझ्या पोटचं फळ धन्य. पुढच्याच ओवीत ती मरियेला 'माझ्या प्रभूची माता' म्हणते. आपण 'देवाची माता' म्हणतो ते तिथूनच आलंय, आणि 431 साली इफिससच्या परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. दुसरा अर्धा भाग, 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' हा मात्र लूकमध्ये नाही. तो ख्रिस्तसभेने जोडला, आणि आज म्हणतो त्या रूपात तो 1568 च्या प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. हे लपवायचं कशाला? मी रूममेटला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "बघ, अर्धं मान्य केलंस." मी म्हटलं, अर्धं तूही कर. त्याच अध्यायात मरिया म्हणते की सगळ्या पिढ्या मला धन्य म्हणतील. तुझी पिढी कधी म्हणते? त्या रात्री तो लवकर झोपला.

मग त्याचा हुकमी एक्का. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका. आणि तुम्ही तेच तेच पन्नास वेळा म्हणता! पण स्तोत्र 136 काढून बघ म्हणावं धाकट्याला. सव्वीस ओव्या आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी 'त्याची दया सनातन आहे.' आणि गेथशेमानी बागेत येशूने तिसऱ्यांदा तेच शब्द म्हणून प्रार्थना केली, हे मत्तयनेच लिहिलंय. बडबड 'व्यर्थ' असते तेव्हा वाईट, पुन्हा पुन्हा म्हटल्याने नव्हे. बाबा गेले त्या रात्री आजी एकच वाक्य सकाळपर्यंत म्हणत बसली होती. ती बडबड होती का, हे त्यानेच सांगावं. तो बाजूला बसलेला होता.

माळेची वीस रहस्यं, म्हणजे जपताना येशू-मरियेचे जे प्रसंग मनात आणतो ते, मी एकदा कागदावर लिहून समोर ओव्या मांडल्या. गालीलचं लग्न, कालवरी, पुनरुत्थान, अठरा नीट बसली. शेवटची दोन, मरियेचं स्वर्गात घेतलं जाणं आणि तिचा मुकुट, यांना तसा सरळ दाखला नाही. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातली सूर्य पांघरलेली, बारा ताऱ्यांचा मुकुट घातलेली स्त्री दाखवतात, पण ती मरियाच की देवाची प्रजा, यावर आपल्याच विद्वानांत दोन मतं आहेत. स्वर्गारोपण हा श्रद्धासिद्धांत म्हणून पोपनी जाहीर केला तो 1 नोव्हेंबर 1950 ला. आजी तेव्हा पाळण्यात असेल. पण 15 ऑगस्टचा सण तर त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून चाललेला. आधी लोक सण करत होते, सिद्धांत मागून आला. मला तर यात काही कमीपणा वाटत नाही.

आता मूर्तीचं. धाकटा निर्गम 20 दाखवत असेल, कोरीव मूर्ती करू नको. बरोबर आहे. पण पाच अध्याय पुढे, निर्गम 25 मध्ये, तोच देव मोशेला कराराच्या कोशाच्या झाकणावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखवाले देवदूत, घडवायला सांगतो. गणना 21 मध्ये पितळेचा साप करून खांबावर लाव म्हणतो. साप चावलेल्याने तिकडे पाहिलं की तो जगे. म्हणजे मनाई घडवण्याला नाही, पुजण्याला आहे. इथवर मी जिंकलो असं वाटलं, तर रूममेटने दुसऱ्या राजांचा अठरावा अध्याय उघडला. चौथी ओवी. हिज्कीया राजाने तोच पितळेचा साप फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते.

आई, हे वाचून मला आपली आत्या आठवली. गाय हरवली तेव्हा हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनीची तसबीर तिने भिंतीकडे तोंड करून टांगली होती, आणि गाय सापडेपर्यंत सरळ केली नव्हती! संताला शिक्षा! तिथे हिज्कीयाचीच गरज होती. आणि तुझंही सांगतो, राग मानू नको. मूर्तीला नवी साडी शिवायला तू जेवढा वेळ घेतेस तेवढा कधी लूक उघडायला घेतलास का? धाकट्याने मूर्ती उचलली ती चूकच केली, आजीला न विचारता केलं ही त्याहून मोठी चूक. पण त्याला टोचणारं काहीतरी आपल्या घरात होतं, एवढं मी मानतो.

संतांकडे कशाला जायचं, थेट देवाकडे जा, हेही ऐकवत असेल तो. मग त्या गटात तो सगळ्यांना 'माझ्या नोकरीसाठी प्रार्थना करा' म्हणून का सांगतो? प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात वडीलजन धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्या घेऊन कोकऱ्यापुढे पाया पडतात आणि तो धूप म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असं लिहिलंय. जिवंत शेजाऱ्याने आपल्यासाठी हात जोडले तर चालतात. मग वसईत जन्मलेल्या आणि 1597 साली नागासाकीला क्रूसावर मेलेल्या गोन्सालो गार्सियाने जोडले तर का चालू नयेत? तो मेला म्हणून? देव मेलेल्यांचा नाही, जिवंतांचा आहे, हे येशूचंच वाक्य.

फादरांपुढे पापांची कबुली देतो त्या कन्फेशनबद्दल योहान 20:23 पुरे. ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा झाली, ज्यांची ठेवाल त्यांची राहिली. ऐकल्याशिवाय कुठली सोडायची आणि कुठली ठेवायची हे शिष्य ठरवणार कसे? 'फादर' म्हणण्याबद्दल तर मी वाद घालतच नाही. कुणालाही पिता म्हणू नका हे मत्तय 23 मधलं वाक्य अक्षरशः धरलं तर रूममेटला स्वतःच्या बापालाही 'अप्पच्चन' म्हणून हाक मारता येणार नाही.

पण सगळ्यात मोठं भांडण झालं ते गेल्या नोव्हेंबरात, बाबा गेल्यावर. मला रजा मिळाली नाही, तुला माहीत आहे. इथल्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये जाऊन मी बाबांच्या नावाची मिस्सा सांगून आलो. 1939 साली बांधलेलं हे चर्च, आखातातलं पहिलं आधुनिक कॅथॉलिक चर्च म्हणतात त्याला. आलो तर हा म्हणाला, मेल्यावर प्रार्थना करून काय उपयोग, बायबलात नाही. मी म्हटलं आहे, दुसरा मक्काबी, बारावा अध्याय. लढाईत पडलेल्या आपल्या माणसांच्या पापांसाठी सेनापती यहुदा मक्काबी वर्गणी गोळा करतो, चांदीचे दोन हजार ड्राक्मा, आणि अर्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. तो त्याचं बायबल चाळत बसला. पानं पुढे, पानं मागे. "माझ्यात असं पुस्तकच नाही."

तेव्हा आम्ही दोघांची बायबलं फ्रिजवर शेजारी ठेवून अनुक्रमणिका मोजल्या. माझी 73, त्याची 66. तोबीत नाही, यहुदीत नाही, मक्काबींची दोन्ही नाहीत, बारूख नाही. त्याला वाटलं आम्ही सात घुसडली. आमच्याकडे सांगतात त्यांनी सात काढली. खरं असं की येशूच्या काळी ग्रीक बोलणारे यहुदी जी शास्त्रं वाचायचे त्यांच्यात ही पुस्तकं होती, पण यहुद्यांच्या हिब्रू यादीत ती आली नाहीत. ख्रिस्ती लोकांत बायबलाचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमलाही ती खटकत होती. पण 397 च्या कार्थेजच्या परिषदेने ती यादीत धरली. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या लूथरने ती बाजूला, वेगळी छापली. मग 1546 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ठणकावून सांगितलं की आहेतच. मी रूममेटला विचारलं, "जे लिहिलंय तेवढंच मानायचं ना? मग या पुस्तकाची अनुक्रमणिका कुठल्या ओवीत लिहिली आहे?" तो गप्प बसला. मीही बसलो, कारण जिंकल्याचा आनंद होण्यासारखी ती रात्र नव्हती.

बाबांना शेवटी दवाखान्यात फादरांनी तेल लावलं तेही याकोबाच्या पत्रातलंच आहे. पाचवा अध्याय, चौदावी ओवी: कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी. तू व्हिडिओ कॉलवर मला दाखवलंस तेव्हा बाबांचं कपाळ चमकत होतं. नंतर मी ते पत्र काढून वाचलं.

अजून एक गंमत. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आम्हाला रविवारची मिस्सा शुक्रवारीही मिळते, तेच वाचन, तोच उपदेश. रूममेटची सभाही शुक्रवारी सकाळी. मी विचारलं, शुक्रवार कुठे लिहिलाय? हसला. बरं, रविवार कुठे लिहिलाय? दहा आज्ञांत तर शब्बाथ आहे, शनिवार. प्रेषितांच्या कृत्यांत शिष्य पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमतात एवढी खूण सापडते, पण 'आता रविवार पाळा' अशी आज्ञा कुठेच नाही. तरी दोघंही पाळतो. पौल थेस्सलनीकाच्या लोकांना लिहितो ना, आमच्याकडून तोंडी किंवा पत्राने जे मिळालं ते घट्ट धरा. तोंडीसुद्धा! त्याच्याकडे यावर मार्क 7 होता: माणसांच्या परंपरेसाठी तुम्ही देवाची आज्ञा सोडता. तेही खरंच. म्हणून मी आता दोन ढीग करतो. मिस्सा, तेल, कबुली एकीकडे. लग्नातली हळद, आत्याची तसबीर आणि सणाला जेवणात इंद्याळच हवं हा बाबांचा हट्ट दुसरीकडे. दुसऱ्या ढिगाला ओवी शोधायची नाही. हळद आपली आहे म्हणून लावायची, बस.

पैसे सोमवारी टाकतो. त्यातले बाबांच्या वर्षाच्या मिस्सेसाठी वेगळे काढ आणि पेठेतल्या उधारीचं बघ. इंद्याळाचा मसाला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठव, रूममेटनेही मागितलाय.

आणि मूर्ती धाकट्यानेच परत ठेवावी, तू ठेवू नकोस. त्याआधी त्याला म्हणावं, आजीजवळ बस आणि तुझ्याच बायबलातून लूकचा पहिला अध्याय मोठ्याने वाच. तिला अक्षरओळख नाही, आणि तीन दिवस ती त्याच्याशी बोललेली नाही. अठ्ठाविसाव्या ओवीला आला की थोडा थांब म्हणावं. पुढचं ती म्हणेल.

तुझा,
मोठा