मूळ संख्येचा ताळा वहीतही घेता येतो

मा. संपादक,
स. न.

2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1 ही मूळ संख्या ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झाली. तिच्याविषयी 'संगणकाने हिला सगळ्या लहान संख्यांनी भागून पाहिले' असे अजून छापून येते. तसे भागायला बसले तर विश्वाचे वय पुरायचे नाही. संख्या 4,10,24,320 आकडी आहे. चवथीला सुरुवात करून दिवसरात्र सेकंदाला एक आकडा वाचत गेले, तर पुढची चवथ उलटून नाताळ येईल तेव्हा शेवटचा 1 हाती लागेल.

खरी कसोटी ल्यूका आणि लेहमर या गणितज्ञांची, आणि ती शाळेच्या वहीत मावते. 4 घ्या. वर्ग करा, 2 वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या फेऱ्या. शेवटी 0 उरला तर संख्या मूळ, नाहीतर नाही. (संख्या '2 चा घात वजा 1' अशीच हवी, आणि घातांक विषम मूळ हवा.) 31 म्हणजे 2 चा 5 वा घात वजा 1, म्हणून तीन फेऱ्या: 14, 8, 0. दुसऱ्या फेरीत 194 येतात, पण भागाकार लागतच नाही. 32 ला 31 ने भागले की बाकी 1; म्हणून 194 = 6 × 32 + 2 मधले 6 आणि 2 मिळवले की झाले 8. नवाचा ताळा घेतो तशीच ही युक्ती, आणि संगणकही द्विमान अंक (0 आणि 1) तोडून बेरीजच करतो. 127 म्हणजे 2 चा 7 वा घात वजा 1, म्हणून पाच फेऱ्या: 14, 67, 42, 111, 0.

घातांक मूळ असला की काम झाले, असेही नाही. 11 मूळ आहे, पण 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047 = 23 × 89; नवव्या फेरीला 1736 उरतात. मुले हमखास चुकतात ती फेऱ्या मोजताना. सुरुवातीचा 4 हीच पहिली फेरी धरली तर एक फेरी कमी पडते. एक जास्त केली तर 0 जाऊन −2 येतो आणि पुढे 2, 2, 2 असेच चालू राहते.

मोठ्या संख्येत अशा 13 कोटींवर फेऱ्या. गुणाकार फूरिए रूपांतराने (प्रचंड संख्या झटपट गुणायची रीत), म्हणजे दशांश अपूर्णांकांत होतो. एकदा पूर्णांक करताना चूक झाली की पुढचे सगळे फुकट. म्हणून ग्राफिक्स कार्डांवर आधी फर्माची चाचणी (संख्या मूळ असावी का, हे पाहण्याची दुसरी कसोटी) चालवली, जिच्यात अधूनमधून स्वतःचाच ताळा घेता येतो. नंतर ल्यूका-लेहमर कसोटी वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमांनी.

आणि कृपा करून 'बँकांची सुरक्षा वाढणार' हे वाक्य नको. बँकेच्या 2048 बिटांच्या कुलपात साधारण 308 आकडी दोन मूळ संख्या असतात आणि त्या गुप्त लागतात. जगजाहीर संख्येचे कुलूप कोण लावील? गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी अखेरच्या वर्षांत मूळ संख्यांवरच काम केले. त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरवत आलेल्या पणजीत तरी ही बातमी आकडेमोड तपासून छापली जावी.

गणिताचा एक शिक्षक, म्हापसा