कमान निघाली, खड्डे राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आपल्या महापालिका निवडणुकीतल्या उमेदवारांच्या सायकल फेरीचा फोटो पाहिला. डोक्याला फेटे, गळ्यात उपरणी, पुढे जीप, मागे रुग्णवाहिका आणि रस्ता पार मोकळा. शेजारच्याच रकान्यात आश्वासने होती: रुंद रस्ते, सिमेंटचे रस्ते, खड्डेमुक्त प्रभाग. ते वाचल्यापासून चैन पडेना, म्हणून आज लिहायला बसले. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजवा चालतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी रस्त्याच्या कामाचे भूमिपूजन झाले. आचारसंहिता कधीही लागेल म्हणून त्या दिवसांत किती घाई चालली होती, ते सगळ्या गावाने पाहिले आहे. पाहुण्यांसाठी कमान उभारली. कमानीला बांबू लागतात आणि बांबूंना खड्डे. पहारीने डांबर फोडून दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार खड्डे घेतले. नारळ फुटला, भाषणे झाली, दुसऱ्या दिवशी बांबू उपटून नेले. खड्ड्यातून निघालेली मातीच पायाने परत आत लोटली होती. चार-सहा दिवस वरून गाड्या गेल्या, माती खाली बसली आणि सायकलचे चाक नेमके अडकेल असे वीतभर खोल तोंड तयार झाले.

9 तारखेची संध्याकाळ, साडेसहा वाजलेले. त्या कोपऱ्यावरचा दिवा दिवाळीपासून बंद आहे. मी सायकलवरून भाजी घेऊन येत होते. मागून चारचाकीने हॉर्न दिला, मी सवयीने डावीकडे घेतली आणि पुढचे चाक सरळ खड्ड्यात गेले. हँडलवरून पुढे पडले. डावा हात टेकला. गाडीवाला थांबला, त्याने मला उचलले, रस्त्यावर पसरलेली मेथीसुद्धा गोळा करून दिली. त्याच्यावर माझा राग नाही. मी 31 वर्षे मिरजेत नर्स होते. पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट मोडते, हे प्लास्टरच्या खोलीत मी शेकडो वेळा पाहिले आहे. त्यामुळे हात बघितल्याबरोबर कळले, एक्स-रेची वाट बघावी लागली नाही.

खरा मनस्ताप पुढे झाला. तीन दिवसांनी हात गळ्यात बांधून एका कार्यालयात गेले. तिथले गृहस्थ म्हणाले, "एवढ्या खड्ड्यासाठी आलाय व्हय काकू?" अर्ज दिला. 17 तारखेला परत गेले तर म्हणाले, आता आचारसंहिता लागली, निवडणूक झाल्यावर बघू. आचारसंहितेत नव्या घोषणा आणि उद्घाटने थांबतात हे मलाही कळते. पण खड्ड्यात घमेलंभर मुरूम टाकला तर कोणत्या मतदारावर प्रभाव पडणार आहे? मग ज्यांनी भूमिपूजन केले त्यांच्या प्रचार कार्यालयात गेले. बसायला खुर्ची दिली, चहा दिला, ते काम मंडपवाल्याचे आहे म्हणाले. मंडपवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "रस्ता बुजवून द्या असं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच कुणी सांगितले नव्हते.

शेवटी आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका गवंडीदादाने रविवारी सकाळी कामावरून उरलेले अर्धे पोते सिमेंट आणि थोडी खडी आणली, चारही खड्डे भरले, धुम्मसाने ठोकले आणि वर दोन विटा उभ्या करून ठेवल्या. पाऊण तासही लागला नाही. पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्येच सांगितले आहे की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांना 6 लाख आणि जखमीला 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायची. मला भरपाई नको आहे. माझे पेन्शन आहे, हाड जुळेल. पण मार्केट यार्डातला हमाल असाच पडला असता तर दीड महिना त्याच्या घरी चूल कशी पेटली असती? त्याने भरपाईचा अर्ज कुठे आणि कधी केला असता?

निवडणुकीबद्दल लिहायचे ते यासाठीच. आपण मागचे मत 1 ऑगस्ट 2018 ला दिले. 2023 च्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक आहेत. म्हणजे साडेसात वर्षांनी आपण 15 जानेवारी 2026 ला रांगेत उभे राहणार. मधली ही दोन-अडीच वर्षे खड्डा दाखवायला कुणाच्या दारात जायचे, हेच ठरत नव्हते. नगरसेवक कामाचा असो नसो, निदान त्याचे घर माहीत असते. सकाळी सातला जाऊन उभे राहता येते. म्हणून ही निवडणूक मला हवी होती आणि चारही बटणे मी विचार करून दाबणार आहे. फक्त भीती एवढीच वाटते, की चार नगरसेवकांच्या प्रभागात रस्ता चौघांचाही असतो आणि एकाचाही नसतो. मागच्या खेपेला एका गटारीसाठी मी चौघांकडे फिरले. प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले.

आता त्या आश्वासनांबद्दल. रस्ता रुंद झाला की सायकलवाल्याचे भले होते असे उमेदवारांना मनापासून वाटते. तसे होत नाही. सिमेंटचा रस्ता झाला की त्याची कड जमिनीपेक्षा चार बोटे वर राहते. साइडपट्टी भरायचे काम बिलात असते, जागेवर नसते. मागून डंपर आला की सायकलवाल्याने उतरायचे कुठे? उतरला तर चाक कडेवर घासून पडतो, नाही उतरला तर डंपर आहेच. आणि गुळगुळीत रुंद रस्त्यावर गाड्या पळतात. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. हे मी पुस्तकात नंतर वाचले, अपघात विभागात आधी पाहिले. जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकाच रस्त्यावर असतात तिथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा हवी, असे 2020 साली स्टॉकहोमच्या रस्ता सुरक्षा परिषदेत जगभरातल्या देशांनी मान्य केले. आमच्या प्रभागातल्या शाळेसमोर ही मर्यादा लावतो, असे एकाही उमेदवाराच्या पत्रकात नाही. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती.

आपला शंभर फुटी रस्ता घ्या. दोन्ही कडांना सहा-सहा फूट सायकलसाठी सोडले तरी गाड्यांना 88 फूट उरतात. नुसता पांढरा पट्टा मारून भागणार नाही, पट्ट्यावर आठवड्याभरात गाड्या लागतात. पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गाच्या, कडेने केलेल्या सायकल मार्गांचे काय झाले ते जाऊन बघावे. मध्ये ठोकळे लागतील, दुकानदारांशी बोलावे लागेल, दोन-चार जणांचा राग ओढवून घ्यावा लागेल. नगरसेवक निवडायचा तो यासाठी.

सांगलीसारखे सपाट गाव सायकलला शोधून सापडणार नाही. घाट नाही, चढ म्हणावा तर रेल्वेच्या पुलांचा. विश्रामबागेतून मिरजेला मी सकाळच्या ड्युटीसाठी सव्वासहाला निघायची. तेव्हा रस्त्यावर माझ्यासारखेच सगळे. कुपवाड एमआयडीसीच्या पहिल्या पाळीचे कामगार, हँडलला डबा, चेनमध्ये अडकू नये म्हणून पँटला चिमटा. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लावलेले गवळी. क्लासला निघालेल्या मुली, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ओढलेली. त्यांतले बरेच जण आता कर्ज काढून दुचाकीवर गेले. जे उरलेत ते गरज म्हणून उरलेत, आणि फेरीत फोटोसाठी यायला त्यांना सुट्टी मिळत नाही. उमेदवारांनी एकदा सकाळी सव्वासहाला, जीप न घेता, त्यांच्याबरोबर कुपवाडपर्यंत जाऊन यावे, ही माझी हात जोडून विनंती आहे. मी आणखी कुठलाही जाहीरनामा मागणार नाही.

संपादक महोदय, एक तक्रार तुमच्याबद्दलही आहे, राग मानू नका. सायकलवाला गेला की तुमच्याकडे बातमी येते, 'भरधाव ट्रकच्या धडकेत वृद्ध सायकलस्वार ठार', चार ओळी. कधी 'तोल गेल्याने'. तो का गेला? दिवा होता का? साइडपट्टी होती का? त्याच जागी आधी कोण पडले होते? मनगट मोडून येणाऱ्या बहुतेकांच्या केसपेपरवर 'सायकलवरून पडून' एवढेच लिहिलेले असायचे, आणि तसे मी स्वतः कित्येकदा लिहिले आहे. कशामुळे पडला हे विचारायला हवे होते, मी विचारले नाही. तुमच्या वार्ताहराने विचारावे. चार ओळींच्या आठ झाल्या तरी चालतील.

आमच्या शेजारची मुलगी यंदा पहिल्यांदा मतदान करणार आहे. मागच्या निवडणुकीच्या वेळी पाचवीत होती. रोज पहाटे सायकलने क्लासला जायची. मी पडल्यापासून तिच्या आईने सायकल बंद केली. आता स्कूटीसाठी हप्ते काढायचे चालले आहे. पोरगी परवा येऊन माझ्याजवळ रडली, म्हणाली, काकू, आईला तुम्ही सांगा. काय सांगू? रस्ता सुरक्षित आहे असे मी कुठल्या तोंडाने सांगू?

रविवारी आमच्या प्रभागातले उमेदवार कॉलनीत येणार आहेत. मी प्रत्येकाला एकच विचारणार आहे, कोपऱ्यावरचा दिवा कोणत्या तारखेला लागेल. उत्तरे तुमच्याकडे पाठवीन, मतदानाच्या आधी छापावीत. प्लास्टर 20 तारखेला निघेल. सायकलचा पुढचा रिम वाकला होता, तो बदलून सायकल घरी आणून ठेवली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, विश्रामबाग, सांगली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)