लेथसमोरचा पाट

आदरणीय सर,

सोमवारी मला व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) सेटर म्हणून कायम केल्याचं पत्र मिळालं. आईने ते देवापुढे ठेवलं. मला तुमची आठवण आली आणि रडूच फुटलं. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

आयटीआयचा फॉर्म भरायला गेलो तेव्हा तिथल्या एका गृहस्थांनी 'टर्नर' (लेथ मशीनवर धातू कातणारा कारागीर) या शब्दावर बोट ठेवून बाबांना सांगितलं होतं, "पोरीला लेथ झेपायचा नाही, शिवणकामाला घाला." बाबा गप्प राहिले. दोन वर्षांनी अप्रेंटिसशिपला एका कारखान्याने दारातूनच परत पाठवलं, "आमच्याकडे मुलींची सोय नाही" म्हणून. सोय करावी लागते, ती आपोआप होत नाही, हे त्या साहेबांना कोण सांगणार?

तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. माझी उंची चार फूट दहा इंच. आयटीआयत पहिला आठवडा मी टाचा उचलून काम केलं, पोटऱ्या भरून यायच्या. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, दिसावा म्हणून तो धरून फिरणाऱ्या चकवर वाकायचे. तुम्ही ते पाहिलंत आणि मशीन बंद करायला लावलंत, बाकी काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लेथसमोर लाकडी पाट होता. पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्यांचा. धातूच्या चिप्स आणि कूलंट खाली जावं म्हणून फळ्यांमध्ये बोटभर फट, खिळ्यांची डोकी आत ठोकलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. रात्री घरी बसून केला होतात तो. वर्गात कुणाला हसायची संधी न देता एवढंच म्हणालात, "उभी राहा. आता माप घे."

मायक्रोमीटरचा रॅचेट किती फिरवायचा, ०.०१ मिलिमीटर म्हणजे हाताला काय वाटतं, हे मी त्या पाटावर उभी राहून शिकले. आज फाउंड्रीतून आलेल्या हाउसिंगचा ५२ मिलिमीटरचा बोअर (भोक) ३० मायक्रॉनच्या आत बसवते. मशीनमध्ये ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) टाकला की पहिला जॉब हळू चालवते, एक हात फीडच्या नॉबवर. ही सवयही तुमचीच.

आपल्या बॅचमधले दोघे थेट दुसऱ्या वर्षाला पॉलिटेक्निकला गेले, एक टूलरूममध्ये आहे, एकाने शिरोलीत स्वतःचा लेथ टाकलाय. सगळे तुमचं नाव काढतात. माणूस अडतो कुठे ते बघणारी आणि गाजावाजा न करता हात देणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारखी पोरं उभी राहतात.

खंडेनवमीला माझ्या मशीनची पूजा आहे. नारळ तुमच्या हातून फोडायचाय. काकूंनाही घेऊन या. बाबा न्यायला येतील.

तुमची विद्यार्थिनी