खुले पत्र : साहेब, वाचन प्रेरणा दिनालाच आमच्या वाचनालयाची वीज तोडली

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट विषयाला हात घालते. 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या सकाळी, थकबाकीपायी आमच्या गावच्या वाचनालयाची वीज तोडली. दुपारी वरून निरोप आला, कार्यक्रमाचे फोटो आणि अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवा. आत उजेड नव्हता, म्हणून पोरांना ओसरीवर बसवले, हातात पुस्तके दिली आणि फोटो पाठवून दिला. तो कुठल्यातरी अहवालात चिकटवलाही असेल.

बिल थकले, कारण अनुदानाचा हप्ता आलेला नाही. मागच्या वर्षी मेळाव्यात व्यासपीठावरून शब्द मिळाला होता, की पुढच्या वर्षी पहिला हप्ता गणपतीआधी खात्यावर पडेल. गणपती गेले, दसराही गेला.

मी माण तालुक्यातल्या 'ड' वर्ग, म्हणजे सरकारी प्रतवारीत सगळ्यात खालच्या वर्गातल्या वाचनालयाची ग्रंथपाल. 2022 साली आपल्या सरकारने अनुदानात 60 टक्के वाढ केली, त्याच्या बातम्या मोठ्या आल्या. पण 'ड' वर्गाचे 30 हजारांचे 48 हजार झाले, तेही वर्षाला. त्यातले निम्मे वेतनाचे, निम्मे वेतनेतर. म्हणजे माझ्या वाट्याला वर्षाचे 24 हजार, महिन्याला दोन हजार रुपये. गावात खुरपणीला जाणारी बाई माझ्याहून जास्त कमावते. तिच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे, पण मी ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षा पास झाले, ती याच आशेवर की या कामाला कधीतरी कुणी काम म्हणेल. सकाळी वाचनालय उघडायचे, दुपारी ब्लाऊज शिवायचे, संध्याकाळी पुन्हा उघडायचे. आईचा दवाखाना शिलाईच्या पैशांवर चालतो. घरी विचारतात, एवढे करून मिळते काय? मी काय उत्तर देऊ?

उरलेल्या 24 हजारांत वीज, वर्तमानपत्रे, मासिके, लेखापरीक्षण, दुरुस्ती आणि पुस्तके. पुस्तके नेहमीच शेवटी येतात. आमच्याकडे भरतीची तयारी करणारी एक मुलगी येते. वडील मेंढरे घेऊन बाहेरगावी, घरात अभ्यासाला जागा नाही. आमच्या कपाटातल्या 2016 सालच्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकावरून तिने पाठ केले, भारतात 29 राज्ये. सराव परीक्षेत तेच लिहिले आणि चुकले. जम्मू-काश्मीरचे 2019 साली केंद्रशासित प्रदेश झाले, राज्ये 28 उरली, हे त्या पुस्तकात कुठून असणार? ती पान उघडून माझ्यापुढे धरून म्हणाली, "मॅडम, इथं तर 29च लिहिलंय." शहरातली मुले हजारो रुपये भरून क्लास लावतात. तिच्याकडे आमचे एक कपाट आहे, आणि त्या कपाटाने तिला चुकीचे शिकवले. साहेब, ही चूक तिची नाही आणि माझीही नाही.

आमच्याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली 'रयत'ची स्थापना केली. वसतिगृहातली पोरे उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. एका संस्थानाच्या तिजोरीत तेवढे बळ होते, आणि एवढ्या मोठ्या राज्याला वाचनालयाचे वीजबिल जड होते? जयंतीला या सगळ्यांच्या फोटोंना हार घालायला मात्र खर्चाची अडचण येत नाही.

आपला ग्रंथालय कायदा 1967 चा. शेजारच्या कर्नाटकाने 1965 च्या कायद्यातच ग्रंथालयांसाठी उपकराची सोय केली. आपण ती केली नाही, म्हणून राज्यातली अकरा-बारा हजार वाचनालये दरवर्षी हात पसरून उभी. 2012 साली सरकारने वाचनालयांची पडताळणी केली, त्यानंतर कित्येक वर्षे दर्जावाढ, म्हणजे वरच्या वर्गात जाणेही, बंद ठेवली. कुठे बोगस वाचनालये सापडली, तर कारवाई त्यांच्यावर करायची. पण वाचक वाढवले, पुस्तके वाढवली, दाखल रजिस्टर चोख ठेवले, तरी आम्ही 'ड'चे 'ड'च राहिलो. कुणी घोटाळा केला आणि शिक्षा कुणाला? रस्त्याला, पुतळ्याला, सभामंडपाला निधी मिळतो, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. एखाद्या मुलीच्या डोक्यात गेलेल्या धड्यावर पाटी कशी लावणार?

मराठीला 2024 साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्हीही पेढे वाटले, स्वतःच्या खिशातून. ती भाषा खेड्यात वाचायला मिळते ती अशाच एका खोलीत.

थकलेला हप्ता दिवाळीआधी द्या. ग्रंथपालाला निदान किमान वेतन द्या आणि ते थेट त्याच्या खात्यावर जमा करा. पुस्तकखरेदीची रक्कम वेगळी ठेवा, म्हणजे ती विजेच्या बिलात जाणार नाही. आणि कृपा करून 'आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी वर्ग केले आहे' असे उत्तर पाठवू नका. तशी पत्रे फाईलमध्ये लावून ठेवली आहेत. मला तारीख कळवा. भरतीवाली पोरे रोज विचारतात, त्यांना सांगायची आहे.

आपली,
एक ग्रंथपाल
'ड' वर्ग सार्वजनिक वाचनालय, ता. माण, जि. सातारा