श्रद्धाळू लेखकाला शेवट आधीच माहीत असतो?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत साहित्य आणि श्रद्धा यावर लेख आलाय तो वाचला. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की श्रद्धाळू माणसाच्या हातून चांगली कथा होणं अवघड, कारण शेवट काय करायचा हे त्याच्या धर्माने आधीच ठरवून दिलेलं असतं. मी कॅथलिक आहे, कथा लिहिते, आणि मला हे अजिबात पटलेलं नाही.

पहिली गोष्ट, माणूस स्वतंत्र आहे, देवाची कृपा समोर आली तरी तो ती नाकारू शकतो, ही चर्चचीच शिकवण आहे. मग माझ्या कथेतला मुलगा शेवटी बापाला माफ करेल की दार लावून घेईल हे मला आधी कसं कळणार? मलाही ते लिहिता लिहिताच कळतं. उलट मी जबरदस्तीने त्याला माफ करायला लावलं तर ती कथा म्हणून तर खोटी होतेच, पण श्रद्धेच्या हिशोबानेही खोटीच होते.

दुसरं म्हणजे बऱ्याच जणांना वाटतं की आम्हाला प्रत्येक पुस्तक बिशपकडून पास करून घ्यावं लागतं. असं काही नाहीये. बायबलची भाषांतरं, धर्मशिक्षणाची पुस्तकं, प्रार्थनापुस्तकं यांना मंजुरी लागते, पण चर्चच्या साध्या सभासदाने लिहिलेल्या कादंबरीला नाही. बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी होती हे खरं, १५५९ पासून होती, आणि तिच्यामुळे नुकसानही झालं, पण १९६६ मध्ये ती संपली. आणि २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी साहित्य वाचण्याच्या महत्त्वावर एक आख्खं पत्र लिहिलं. ते स्वतः १९६४-६५ मध्ये अर्जेंटिनात सांता फे इथे शाळेत साहित्य शिकवायचे, पोरांना अभ्यासक्रमातलं जुनं महाकाव्य नको होतं, त्यांना लोर्का हा आधुनिक स्पॅनिश कवी हवा होता, तर यांनी सांगितलं की ते घरी वाचा आणि वर्गात आपण तुमच्या आवडीचं बोलू. हे मला फार आवडतं.

आता लिहिण्याबद्दल. मला तपशिलाची सवय लेखनाच्या वर्कशॉपपेक्षा कन्फेशनने, म्हणजे पाद्रीपुढे आपली पापं कबूल करण्याने, जास्त लावली. तिथे "फादर, मी वाईट वागले" एवढ्यावर भागत नाही, गंभीर पाप असेल तर नेमकं काय केलं आणि किती वेळा हे सांगावं लागतं, चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५५१ मध्येच हे ठरवलंय. म्हणजे "मी बहिणीचा मत्सर करते" असं नाही, तर "तिच्या मुलाचा रिझल्ट चांगला लागला तेव्हा मी फोन उचलला नाही आणि नंतर खोटं सांगितलं की फोन सायलेंटवर होता". आता हे दुसरं वाक्य बघा, त्यात कथा आहे, पहिल्यात नाही. स्वतःचं मन असं रोज तपासणाऱ्या माणसाला पात्राचं मन अगदीच परकं नसतं.

आणि पापी माणसाबद्दल लिहायचं नाही असं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. इंग्रज कॅथलिक कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनने १९४० मध्ये दारूडा, एका मुलीचा बाप असलेला पाद्री कादंबरीचा नायक केला. रोममधून त्यावर नाराजी आली, पण पुढे पोप पॉल सहावे भेटले तेव्हा त्यांनी त्याकडे लक्ष देऊ नका असं म्हटल्याचं ग्रीनने स्वतःच सांगितलंय. अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर तर रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारी बाई, ल्युपस या दीर्घ आजाराने त्रस्त, १९६४ मध्ये ३९ व्या वर्षी गेली, पण रोज सकाळी नेमाने लिहायला बसायची, आणि तिच्या कथांत खुनी आहेत, भोंदू आहेत, स्वतःला फार चांगल्या समजणाऱ्या बायका आहेत. या बायकांवर तर ती सगळ्यात कठोर आहे.

मला खरी अडचण येते ती दुसरीकडेच. कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, सांगतो की दुसऱ्याचा दोष खरा असला तरी योग्य कारण नसताना तो माहीत नसलेल्यांना सांगणं हे पाप आहे. खरा असला तरी! आता लेखकाचं तर सगळं सामान आजूबाजूच्या माणसांकडूनच येतं. मी नाव, वय, नातं, धंदा सगळं बदलते, दोन-तीन माणसं एकात मिसळते, आणि तरीही घरातलं कुणी वाचून स्वतःला ओळखेल असं वाटलं तर ती कथा ड्रॉवरमध्ये ठेवते. काही लेखकमित्र म्हणतात की याने लेखन भित्रं होतं. मला तसं वाटत नाही, याने मला पात्र खरोखर नव्याने घडवावं लागतं, नुसतं उचलून चालत नाही.

आमच्या लोकांनाही एक सांगायचंय. विषय देवाचा आहे म्हणून ढिसाळ लिहिलेलं चालतं असं समजू नका, शेवटच्या पानावर सगळे गुडघे टेकतात अशा कथा खूप झाल्या. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण हे काव्य छापून आलं ते मराठी ओवीत, म्हणजे आधी भाषा आणि छंद शिकण्याचे कष्ट घेतले होते ना त्यांनी? इंग्रज कवी हॉपकिन्सने १८६८ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात जाताना आपल्या कविता जाळल्या, १८७५ मध्ये जहाज बुडून पाच नन्स गेल्या तेव्हा वरिष्ठांच्या सुचवण्यावरून परत लिहायला घेतलं, त्या घटनेवरची ती कविता जेझुइटांच्याच मासिकाने छापली नाही, तरी त्याने ती सोपी-गोड करून दिली नाही. त्याचं पुस्तक निघालं १९१८ मध्ये, तो जाऊन २९ वर्षं झाल्यावर.

शेवटी एक विनंती. आमच्यातल्या लेखकांची आठवण पुरवण्यांना बहुतेक डिसेंबरातच येते आणि मागणी असते नाताळच्या माहितीपर लेखाची. तो लिहूच, आनंदाने लिहू. पण जूनमध्ये एखादी कथा पाठवली तर तीही वाचा, आणि फसली असेल तर कुठे फसली ते स्पष्ट कळवा.

आपली,
एक नियमित वाचक