पोफळीला फुलोरा आलाय

श्रीवर्धन,
३ जून २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

परवा रात्री तुझा फोन झाल्यावर बराच वेळ पडवीतच बसून होतो. वहिनींचं दुखणं उलटलं, हे ऐकून वाईट वाटलंच. पण त्यानंतर तू जे बोललास ते जास्त लागलं. "मी नीट सकारात्मक राहिलो नाही रे. मनात सारखं वाईट यायचं. म्हणून तर हे परत आलं नसेल?" आणि मग म्हणालास, "तुमच्यात काय सांगतात? तुम्ही इन्शाअल्लाह म्हणता आणि शांत असता. कसं जमतं?"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. अशा गोष्टी मला बोलून सांगता येत नाहीत, लिहिताना सुचतात. म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी एक सांगतो, ते मनात पक्कं धर. तुझ्या भीतीमुळे वहिनींचा आजार उलटलेला नाही. तुझ्या मनात रात्री दोन वाजता काय आलं, त्यावर त्यांच्या शरीरातल्या गाठी वाढत नाहीत की विरघळत नाहीत. आमच्या दीनमध्ये, म्हणजे धर्मात, तर माणसाच्या विचाराला एवढी सत्ता दिलेलीच नाही. उलट पैगंबर मुहम्मद (स.) यांची हदीस, म्हणजे त्यांचं वचन, अशी आहे की, माझ्या उम्मतीच्या, म्हणजे मला मानणाऱ्यांच्या, मनात जे नुसतं येऊन जातं ते अल्लाहने माफ केलंय, जोवर माणूस ते बोलत नाही किंवा तसं वागत नाही. तू तर वागण्यात कुठेच कमी पडलेला नाहीस. दोन वर्षं इस्पितळाच्या रांगा, रिपोर्टांच्या पिशव्या, औषधांच्या वेळा, सगळं केलंस. मनात भीती आली म्हणून स्वतःला गुन्हेगार ठरवू नकोस. ज्यांनी तुला सांगितलं की चांगला विचार केला की चांगलंच घडतं, त्यांनी नकळत तुझ्या खांद्यावर देवाचं काम ठेवलं. ते माणसाला पेलणारं नाही.

आता तुझा प्रश्न. आमच्यात 'हुस्ने-जन' असा शब्द आहे. हुस्न म्हणजे चांगुलपणा, जन म्हणजे मनातला अंदाज, मत. कुणाविषयी मत? अल्लाहविषयी. सगळं यात आलं बघ. 'माझं चांगलंच होणार' असं स्वतःला बजावत राहणं म्हणजे हुस्ने-जन नव्हे. ज्याच्या हातात सगळं आहे तो माझं वाईट चिंतणारा नाही, एवढं मत त्याच्याविषयी धरून राहायचं. 'माझा बंदा माझ्याविषयी जसा समज बाळगतो, तसा मी त्याच्याशी असतो,' असं अल्लाह म्हणतो, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण तिचा अर्थ मला पस्तिशी उलटून गेल्यावर कळला, आणि तोही अब्बांमुळे.

तुला माहीत आहे, आज वादळाला बरोबर पाच वर्षं झाली. ३ जून २०२०, बुधवार. लॉकडाऊन होता, मशिदीत जमात, म्हणजे एकत्र नमाज, बंद होती, ईदची नमाजसुद्धा आम्ही नऊ दिवसांपूर्वी घरातच पढलो होतो. दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा म्हणजे काय, हे बातमीत ऐकून कळत नाही. कौलं पत्त्यांसारखी उडत होती. अम्मा माजघरात कुरआन छातीशी धरून बसली होती. अब्बा मात्र खिडकीच्या फटीतून वाडीकडे बघत होते. पोफळ (सुपारीचं झाड) मोडताना आवाज करते, काडकन. तो आवाज आम्ही दोन तास ऐकला. संध्याकाळी बाहेर पडलो तेव्हा पावणेदोनशे पोफळींपैकी उभ्या किती, तर एकोणीस. माड बरेचसे टिकले, पण आमचं घर चालत होतं ते रोठ्यावर, म्हणजे सुपारीवर.

मी शांत असतो म्हणालास ना? त्या रात्री मी अंधारात ओरडून रडलो होतो. अब्बांवरही ओरडलो.

पंधरा-वीस दिवस नुसती मोडलेली झाडं ओढून बाहेर काढण्यात गेले. वीज नव्हती. मग एक दिवस अब्बा टेम्पोतून पोफळीची रोपं घेऊन आले. वय शहात्तर. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मी चिडून विचारलं, "कुणासाठी लावताय हे?" वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "खड्डा वीतभर अजून खोल घे. पाणी साचून मूळ कुजेल." बस, इतकंच. पुढे कधीतरी आठवलं, पैगंबरांनी सांगून ठेवलंय की कयामत येऊन ठेपली आणि तुमच्यापैकी कुणाच्या हातात रोप असलं, तर शक्य असेल तर ते लावून टाका. अब्बांना ही हदीस माहीत होती की नाही, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

भरवसा या शब्दासाठी आमच्याकडे 'तवक्कुल' म्हणतात. पुष्कळ लोक, आमचेसुद्धा, तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणं समजतात. एकाने पैगंबरांना विचारलं होतं, उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून? ते म्हणाले, आधी बांध, मग भरवसा ठेव. आणि पाखरांचं उदाहरण दिलंय त्यांनी: खरा भरवसा ठेवलात तर पाखरांसारखी रोजी मिळेल, सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात. यातलं 'निघतात' बघ. घरट्यात बसून राहणाऱ्या पाखराचं ते उदाहरण नाही.

हे लिहितोय तेव्हा हाजी मक्केजवळच्या मिनाला निघायच्या तयारीत असतील. उद्यापासून हज सुरू. तिथे सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या मारायच्या असतात, त्या एका बाईच्या आठवणीत. हजरत हाजरा. नवरा, म्हणजे इब्राहीम (अ.), त्यांना आणि अंगावर पिणाऱ्या पोराला त्या ओसाड दरीत सोडून निघाले. सोबत खजुराची एक पिशवी आणि पाण्याची एक पखाल. त्यांनी मागे धावत विचारलं, "हे अल्लाहने सांगितलंय का?" ते म्हणाले, "हो." त्यावर त्या म्हणाल्या, "मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही." हा झाला भरवसा. पण पाणी संपल्यावर त्या पोराजवळ बसून राहिल्या नाहीत. या टेकडीवरून त्या टेकडीवर धावल्या, कुणी दिसतंय का बघत, एकदा नाही, सात वेळा. आणि झमझम या झऱ्याचं पाणी निघालं कुठे? जिथे त्या धावत होत्या तिथे नाही. पोर होतं तिथे. त्यांची धाव आणि ते पाणी यांचा माणसाच्या हिशेबाने काही संबंध लागत नाही. तरी दर वर्षी लाखो माणसं ती धावच धावतात.

तू डॉक्टरांकडे ज्या फेऱ्या मारतोयस, त्या मला अशाच वाटतात.

उपचारांवरून आठवलं. वहिनी म्हणतात ना की नशिबात असेल ते होईल, आता केमो पुरे? त्यांना ही गोष्ट सांग. हिजरी १८ मध्ये, म्हणजे इ.स. ६३९ च्या सुमारास, दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघाले होते. वाटेत सर्ग नावाच्या जागी कळलं की पुढे प्लेग पसरलाय. त्यांनी सल्ला घेतला आणि माघारी फिरायचं ठरवलं. त्यांचे सेनापती हजरत अबू उबैदा म्हणाले, "अल्लाहच्या तकदीरीपासून पळताय?" उमर म्हणाले, "हो, अल्लाहच्या एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे." आणि पुढे समजावलं की दरीची एक बाजू हिरवी असेल आणि दुसरी उजाड, तर उंट हिरव्या बाजूला चारलास तरी अल्लाहच्याच तकदीरीने आणि उजाड बाजूला चारलास तरी त्याच्याच. केमोसुद्धा तकदीरीच्या बाहेर नाही रे. ती हिरवी बाजू आहे. त्यांना तिकडे घेऊन जा. मात्र अंगाला किती झेपतंय हे त्यांनीच सांगायचं. त्या खरंच थकल्या असतील तर डॉक्टरांसमोर बसून तेही मोकळेपणाने बोला.

आणि रडण्याबद्दल. तू म्हणालास, त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी येऊ देत नाहीस, न्हाणीघरात नळ सोडून रडतोस. कुरआनमध्ये याकूब (अ.) यांची हकिकत आहे. पोरगा, यूसुफ, हरवला. त्यांनी 'सब्रुन जमील' म्हटलं, सुंदर सबर, म्हणजे धीर. आणि तरी इतके रडले की डोळे पांढरे पडले. घरचे वैतागून म्हणाले, किती आठवण काढाल, अशाने जीव जाईल. त्यांचं उत्तर होतं, "मी माझं दुःख आणि माझी व्यथा अल्लाहकडेच मांडतो." दुःख नाही, असं ते म्हणाले नाहीत. ते कुणाकडे न्यायचं, एवढंच ठरवलं होतं. त्याच्याच पुढे ते मुलांना सांगतात, यूसुफला शोधायला जा, आणि अल्लाहच्या 'रौह'पासून निराश होऊ नका. रौह म्हणजे दिलासा, पण या शब्दात झुळुकीचाही अर्थ आहे. आपण समुद्रकाठची माणसं, उकाड्यात जीव कासावीस झालेला असताना संध्याकाळी खाडीवरून जो वारा येतो तो तुला आठवत असेल.

दुआ ऐकली जाते का, असंही विचारलं होतंस. लहानपणी मदरशात आमच्या हाफिजजींनी एक गोष्ट दाखवली होती, ती आजही मला थरारून सोडते. कुरआनमध्ये बऱ्याच ठिकाणी येतं, 'ते तुम्हाला विचारतात', आणि मग अल्लाह पैगंबरांना म्हणतो, 'सांगा'. पण सूरह बकरा या अध्यायात जिथे 'माझे बंदे तुम्हाला माझ्याविषयी विचारतील' असं येतं, तिथे 'सांगा' हा शब्दच नाही. सरळ उत्तर आहे: मी जवळच आहे. मधला निरोप्यासुद्धा गळून पडलाय. आणि हदीस म्हणते, दुआ वाया जात नाही. मागितलेलं मिळतं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं, किंवा ती आखिरतसाठी, म्हणजे मरणानंतरच्या आयुष्यासाठी, राखून ठेवली जाते. फक्त 'मागितलं पण मिळालं नाही' म्हणून मागणं सोडायचं नाही.

आता अब्बांचं सांगतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. २०२१ च्या डिसेंबरात ते अंथरुणाला खिळले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, "अल्लाह चांगलंच करेल." मी ते ऐकायचो आणि मनाशी पकडून ठेवायचो की एवढा नेक माणूस एवढ्या खात्रीने बोलतोय, म्हणजे उठणार. सतराव्या दिवशी ते गेले. दफन करून घरी आलो आणि माझ्या मनात नमाजेविषयी सुद्धा राग होता. चाळीस दिवस मी मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजाच्या चटईवर, नुसता उठबस करत होतो. एका पहाटे अम्माला म्हणालो, "ते तर म्हणायचे अल्लाह चांगलंच करेल." अम्मा भाकरी थापत होती. थांबली आणि म्हणाली, "मी बरा होईन, असं म्हणाले होते का ते? एकदा तरी?"

नव्हते म्हणाले. एकदाही नाही.

पैगंबरांनी आपल्या वफातीच्या, म्हणजे मृत्यूच्या, तीन दिवस आधी सांगितलं होतं की, तुमच्यापैकी प्रत्येकाला मरण यावं ते अल्लाहविषयी चांगला समज बाळगत असतानाच. म्हणजे जो उठणार नाही, त्यालाही हुस्ने-जन सांगितलंय. बरं होण्याची अटच त्यात नाही. हे कळलं तेव्हा माझ्या छातीवरचा दगड हलला. माझा राग अल्लाहवर नव्हताच, मी मनाशी जो सौदा केला होता तो मोडल्याचा तो राग होता. अब्बांनी कसला सौदाच केला नव्हता.

वहिनी बऱ्या होतीलच, असं मी तुला लिहू शकत नाही. लिहिलं तर तो खोटेपणा होईल. पण त्या बऱ्या व्हाव्यात म्हणून पहाटेच्या तहज्जुदच्या नमाजेत त्यांचं नाव घेऊन मागतोय, रोज, आणि मागत राहीन. तू तुझ्या देवघरासमोर माग. मन लागत नसेल तर तसाच बस. माझंही कित्येकदा लागत नाही.

शनिवारी ईद आहे. ती आटोपली की सोमवारी, ९ तारखेला, पहाटेच्या एसटीने निघतो. इन्शाअल्लाह. काही लोक हा शब्द काम टाळायला वापरतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. मी म्हणतो तेव्हा निघणारच आहे असं समज, रस्ता वगैरे त्याच्या हातात. अम्मा सांदणं देणार आहे. वहिनींना चालत असतील का ते डॉक्टरांना विचारून ठेव, नारळाचं दूध जड पडत असेल तर ती नुसती वाफवून देईल म्हणते. इस्पितळात रात्री बसायची पाळी माझ्याकडे दे. तू चार दिवस घरी जाऊन नीट झोप.

एक सांगायचं राहिलं. आज सकाळी पाण्याचा पाट वळवायला वाडीत गेलो होतो. विहिरीकडच्या रांगेत अब्बांनी लावलेल्या एका पोफळीला पहिला फुलोरा आलाय. अजून कोवळा, पांढुरका, पुरता उघडलेला नाही. अम्माला हात धरून नेऊन दाखवला. वहिनींनाही दाखवीन. फोटो काढून आणतो.

तुझा,
वाडीवाला