मनाचे औषध बाहेरून का आणायचे? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

माझ्या धाकट्या बहिणीवर मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. तिची केमोथेरपी शासकीय योजनेतून झाली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु गेल्या आठवड्यात तिथल्याच औषधांच्या खिडकीवर तिला नैराश्यावरील एस्सिटॅलोप्रामच्या गोळ्या नाकारण्यात आल्या. ‘हे कॅन्सरचं औषध नाही, बाहेरून घ्या,’ असे उत्तर मिळाले आणि वर ‘मनाला लावून घेऊ नका,’ हा सल्लाही.

महोदय, जिला अन्न जात नाही, जी रात्र रात्र डोळे उघडे ठेवून पडून असते आणि पुढचे उपचार नकोत म्हणून दाराला आतून कडी लावते, ती बाई मनाला लावून घेत नसते. ती आजारी असते. या गोळ्यांनी कर्करोग बरा होत नाही, पण नैराश्य कमी झाले तर उपचार सोसण्याचे बळ येते. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या अचानक बंद केल्या की चक्कर, बेचैनी सुरू होते. त्यामुळे ‘पुढच्या वेळी बघू’ हे उत्तर इथे चालत नाही.

रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाचे पद रिक्त असल्याने आम्हांला आधी बाहेरच्या डॉक्टरांकडे जावे लागले. त्यांनी पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरील दुसरे औषध लिहून दिले. बहीण तेव्हा टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध घेत होती. टॅमॉक्सिफेनचे शरीरात ज्या प्रभावी द्रव्यात रूपांतर होते, त्याचे प्रमाण पॅरोक्सेटिनमुळे घटते, हे दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलताना सांगितले तेव्हा आमच्या पायाखालची जमीन सरकली. कर्करोगाचे डॉक्टर आणि मनाचे डॉक्टर एका छताखाली असते, तर हा धोका तिच्या वाट्याला आला असता का?

एस्सिटॅलोप्राम राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चे कलम 18 शासकीय आरोग्यसेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला देते. कायदा विधिमंडळात आणि संसदेत मिरवायचा आणि खिडकीवर मोडायचा, हीच आपल्या व्यवस्थेची रीत झाली आहे. गाठीसाठी पैसे मंजूर होतात, गाठ वाहणाऱ्या माणसासाठी नाहीत. परळच्या पदपथांवर मुक्काम करणाऱ्या रुग्णांना झोप लागते का, हे विचारण्याची जबाबदारी कोणत्या खात्याची आहे?

कर्करोगाच्या प्रत्येक शासकीय विभागात मानसोपचारतज्ज्ञ नेमावा, ही औषधे त्याच खिडकीवर मोफत द्यावीत आणि तसा लेखी आदेश काढावा. आम्हांला पत्राची पोच नको, त्या आदेशाची प्रत हवी आहे.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ, भांडुप, मुंबई